कंधार, उदगीर, औसा : कोरलेल्या रेषांच्या वाटेने

आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात चेस्टर बीटी नावाचे ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे १६१६ च्या सुमाराचे एक छोटेसे मुघल चित्र आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशाच्या पाठीवर. समोर भाल्याच्या टोकाला एका काळ्या माणसाचे तोडलेले डोके, त्यावर घुबड बसलेले. जहांगीर त्या डोक्यावर नेम धरतो आहे आणि आभाळातून पंखवाली बाळे त्याला शस्त्रे पुरवत आहेत. डोके निजामशाहीचा हबशी सेनापती मलिक अंबर याचे आहे. प्रत्यक्षात असे काहीच घडले नाही. अंबर जहांगीरच्या हाती कधी लागला नाही, तो म्हातारपणी १६२६ मध्ये आपल्या अंथरुणावर गेला. चित्रात दिसते ती बादशहाच्या मनातली इच्छा, रूपकाच्या भाषेत मांडलेली.

या चित्राचा आणि नांदेडचा संबंध फारसा कुणी सांगत नाही. १६०२ मध्ये नांदेडच्या परिसरात मलिक अंबरची गाठ मुघल फौजेशी पडली. समोर होता अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा मिर्झा इरज. लढाईत अंबर जखमी झाला आणि त्याच्या हबशी शिपायांनी त्याला रणातून उचलून नेले, म्हणून तो वाचला. हाच इरज पुढे शाहनवाज खान झाला आणि १६१६ मध्ये जालन्याजवळच्या रोशनगावला त्याने अंबरचा पराभव केला. चित्र त्याच सुमाराचे आहे. कंधार, उदगीर, औसा हा पट्टा त्या काळच्या निजामशाही-मुघल झगड्याच्या मधोमध होता.

आता त्या पंखवाल्या बाळांकडे वळतो. ती हिंदुस्थानी चित्रकाराला सापडली कुठे? ती आली युरोपातल्या छापील चित्रांतून. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला पोहोचले आणि त्यांनी अकबराला अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यात छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. आठ खंडांच्या त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठांवर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रूपकचित्रे होती. धर्मनिष्ठा, राजसत्ता अशा कल्पना तिथे माणसांच्या रूपात उभ्या केलेल्या होत्या. मुघल चित्रशाळेने ती बारकाईने अभ्यासली. जहांगीरचे ते चित्र काढणारा अबुल हसन तेरा वर्षांचा असताना त्याने जर्मन कलावंत आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५११ च्या एका कोरीव छापचित्रातली संत योहानाची आकृती हुबेहूब उतरवली होती. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. म्हणजे जर्मनीतल्या तांब्याच्या पत्र्यावरची एक रेघ कागदावर बसून गोव्याच्या बंदरातून आग्र्याला गेली, आणि तिच्याच वळणाने आपल्या मराठवाड्यातल्या एका सेनापतीचे डोके उडवले गेले.

नांदेडहून निघताना हे सगळे डोक्यात होते. ड्यूरर आणि प्लांटिनच्या शतकात युरोपचे कोरके तांब्यावर इमारती आणि रूपके कोरत होते. त्याच काळात इथले कोरके काय कोरत होते, कशावर आणि कशाने, हे जवळून पाहायचे ठरवले होते.

नांदेडमध्ये तांब्याची गोष्ट फार जुनी आहे. १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातला तो दानलेख नंदिकट म्हणजे नांदेडच्या उत्तरेकडच्या मुलखातल्या एका गावाचा आहे. आपल्या शहराचे नाव इतक्या मागे कोणीतरी पत्र्यावर टाकीने उमटवून ठेवले आहे. ताम्रपटाची रीत ठरलेली असे. लेखक आधी शाईने अक्षरे लिही, मग सोनार किंवा लोहार त्या शाईवरून कोरणी चालवी, आणि पुष्कळ ताम्रपटांच्या शेवटी या दोघांचीही नावे येतात. तांबे कोरण्याची कला आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. सचखंड हुजूर साहिबमध्ये आजही धातूच्या पत्र्याचा थाट पाहायला मिळतो. महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत गाभाऱ्याच्या भिंती सोन्याच्या पत्र्यांनी मढवल्या आहेत. दर्शनाच्या रांगेत सगळ्यांच्या माना वर झालेल्या असतात.

नांदेड-लोहा-कंधार रस्ता कापूस आणि सोयाबीनच्या शेतांमधून जातो. कंधार मन्याड नदीकाठी आहे. गाव लहान, इतिहास दांडगा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, दहाव्या शतकात, हे मोठे नगर होते. त्याचा एक शिलालेखही इथे मिळाला आहे. जवळच्या मानसपुरी शिवारात क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे पडलेले आहेत. नुसते पाऊल पाहून माणूस गप्प होतो. किल्ला भुईकोट, भोवती रुंद खंदक, आत तटाच्या दोन ओळी. तट आणि दरवाजे मागून आलेल्या सत्तांनी वाढवले, आणि त्या प्रत्येकीने दगडावर आपली अक्षरे ठेवली.

दरवाजाच्या आत फारसी लेखाची एक शिळा मी बराच वेळ पाहत होतो. राखणदार काका जवळ येऊन बसले.

"काका, हा लेख वाचायला कोणी येतं का?"

"येतात की कधीमधी. वही घिऊन येतात, फोटू काढतात. उनाच्या येळंला या म्हणतात, दिसतंय चांगलं."

काकांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. ऊन तिरपे असताना अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि ओळ वाचता येते. भर दुपारी तीच शिळा सपाट, राखाडी दिसते. फारसी लेखांची अक्षरे बहुधा उठावाची असतात. म्हणजे अक्षर कोरलेले नसते, अक्षराभोवतालचा दगड कोरून काढलेला असतो. सुलेखनकार आधी कागदावर लेख लिहितो, तो दगडावर उतरवला जातो, मग कोरका छोट्या छिन्नीने मधली जमीन खाली नेतो. अक्षरे आणि दोन ओळींमधल्या पट्ट्या मूळ पातळीवर शिल्लक राहतात. काळा पाषाण कठीण आणि ठिसूळही. एक घाव चुकला तर कडेची कपची उडते आणि ती परत बसवता येत नाही. सर्वांत अवघड जागा नुक्त्यांची. फारसी लिपीत ठिपक्यावर अक्षर ठरते. चहूबाजूंनी दगड काढून हरभऱ्याएवढा ठिपका उभा ठेवायचा, आणि शेकडो वर्षांच्या पावसात, पोरांच्या दगडांत, चुन्याच्या हातांत सर्वांत आधी उडतो तोच. तो उडाला की राजाचे नाव दुसरेच वाचले जाते. कंधारच्या त्या शिळेवर दोन-तीन जागी नुक्त्यांच्या फक्त खुणा उरल्या होत्या. बोट फिरवल्यावर लागल्या.

राष्ट्रकूटांच्या काळचा कोरका याच्या उलट वागत असे. त्याची अक्षरे खोल, दगडात उतरलेली. तिथे जमीन जशीच्या तशी आणि अक्षर खाली. एकाच गावात पाच-सहा शतकांच्या अंतराने दोन परस्परविरोधी हात पाहायला मिळतात. छापचित्र शिकलेल्याला हा फरक लगेच कळेल, कारण लाकडी ठसा आणि तांब्याचा पत्रा यांतही नेमका तोच फरक आहे. लाकडी ठशात रेघ उभी राहते, बाकीचे लाकूड खरवडले जाते आणि शाई रेघेच्या माथ्याला लागते. तांब्याच्या पत्र्यात उलट. गुळगुळीत घासलेल्या पत्र्यावर पोलादी कोरणी पुढे रेटत नेली की बारीक, खोल चर पडतो. हाताचा दाब वाढला की चर रुंद होतो, कमी केला की केसाएवढी रेघ उरते. बाजूला उचललेली तांब्याची किनार खरवडून काढतात, शाई चरात भरतात, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून कोरडा करतात, आणि ओला कागद वर ठेवून दोन रुळांमधून पत्रा दाबून काढतात. कागद चरात शिरतो आणि शाई उचलून आणतो. ड्यूररच्या छापचित्रांत सावल्या दिसतात त्या अशा शेकडो रेघा एकमेकींवर टाकून. अठराव्या शतकात रोमच्या पडक्या इमारती छापून जगभर पोहोचवणारा पिरानेसी कोरणीबरोबर आम्लही वापरी. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, थरावर सुईने चित्र काढायचे, उघडे पडलेले तांबे आम्लाने खायचे.

युरोपच्या कोरक्याला आणखी एक ओझे होते. त्याला सगळे उलटे कोरावे लागे, डावे उजवीकडे आणि अक्षरे आरशातल्यासारखी. कंधारच्या कोरक्याला ती अडचण नव्हती, कारण त्याचा दगड हीच शेवटची प्रत होती.

कंधारहून मुखेड-जळकोटच्या बाजूने उदगीरला आलो. रस्त्यात बालाघाटच्या टेकड्या लागतात. देगलूरकडून येणाऱ्यांनी होट्टलला थांबावे, चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींसाठी. दगडात दागिन्याचा एकेक मणी सुटा दिसतो. उदगीरचा किल्ला खोल खंदकाने वेढलेला आणि आत उदागीर महाराजांचा मठ. मराठी माणसाला उदगीर आठवते ते ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि त्यानंतर त्यांचा पानिपतचा प्रवास सुरू झाला. त्या लढाईवर पुस्तके भरपूर आहेत. किल्ल्यातल्या अरबी-फारसी लेखांविषयी मात्र उदगीरबाहेर फार थोड्यांना माहीत असते. १६३६ मध्ये खान-ए-दौरानने उदगीर आणि औसा घेतले. त्यानेच पाच वर्षे आधी, नासिरी खान या नावाने, कंधार घेतले होते. मुघलांचे शिक्कामोर्तब झाले ते असे, एकाच सरदाराच्या हातून.

उदगीरमध्ये इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या घरी चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून कागदाची एक लांब घडी काढली आणि पलंगावर उलगडली. तो शिलालेखाचा ठसा होता, त्यांच्या तरुणपणी एका अभ्यासकाने रीतसर परवानगीने घेतलेला. काळ्या शाईत अक्षरे ठसठशीत आली होती.

"सर, हा कसा घेतात ते सांगा ना."

"आधी दगड ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ करायचा. मग ओला कागद वर पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत राहायचा. कागद दगडाच्या प्रत्येक खाचेत बसला पाहिजे, हवेचा बुडबुडा राहता कामा नये. कागद आंबट-ओला असतानाच शाईचा बोळा हलक्या हाताने वरून फिरवायचा. उंच भागाला शाई लागते, खाच पांढरी राहते. वाळला की सोलून काढायचा. इतकंच."

ऐकायला सोपे, पण सर म्हणाले की शाई जरा जास्त झाली की कागदातून पाझरून दगडावर डाग पडतो. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय आणि शिकलेल्या हाताशिवाय हे कोणी करू नये. मी ठसा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. उठावाच्या फारसी लेखाचा ठसा म्हणजे पांढऱ्यावर काळे. कंधारच्या राष्ट्रकूट लेखासारख्या खोल अक्षरांचा ठसा म्हणजे काळ्यावर पांढरे. आणि शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूने लागत असल्यामुळे लेख सुलटाच येतो. रुळांच्या यंत्रातून निघणारे छापचित्र आणि हा ठसा यांत फरक आहे तो शाई कोणत्या बाजूने लावायची एवढाच. ओला कागद आणि कोरलेला पृष्ठभाग दोन्हीकडे सारखे. सरांच्या पलंगावर पडलेला कागद माझ्या मते मराठवाड्याचे छापचित्रच आहे, शिळेनंतर तीन-चार शतकांनी निघालेले.

मग हे छापचित्र तेव्हाच का निघाले नाही? या प्रश्नावर आम्ही सरांच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. साहित्य सगळे हाताशी होते. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात तुघलकाच्या काळापासून हातकागद बनत होता. तांबे होते, तांबट होते, ताम्रपटांची परंपरा हजाराहून अधिक वर्षांची होती. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला होता, इथून काही शे किलोमीटरवर. कमी होते ते रुळांचे यंत्र, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याची गरज वाटणारे गिऱ्हाईक. अँटवर्पच्या व्यापाऱ्याला एक पत्रा कोरून शेकडो प्रती विकायच्या होत्या. कंधारच्या किल्लेदाराला एकच प्रत हवी होती, दरवाजावर, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. सुलेखनाला आपल्याकडे फार मान होता, हाताने लिहिलेल्या पोथीला मोल होते. छापील अक्षर त्यापुढे हलके वाटणे स्वाभाविक होते.

गरज निर्माण झाली तेव्हा आपल्या माणसांनी वेळ लावला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्याबरोबर गंगाराम चिंतामण तांबट हा कलावंत काम करत होता. शनिवारवाड्यात चित्रशाळाही काढली गेली होती. गंगारामने वेरूळला जाऊन लेण्यांची मोजमापासह रेखाटने केली. त्यांपैकी पुष्कळ आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने आम्ल वापरून पत्रे तयार केले आणि १८०३ मध्ये लंडनला चोवीस दृश्यांचा संच छापला. मराठवाड्यातल्या वास्तूंचा सुरुवातीचा मोठा छापचित्र-संच तो हाच. त्यामागच्या कष्टात गंगारामचा वाटा आहे आणि तो मोठ्याने सांगितला गेला पाहिजे. याच पुण्यात नाना फडणवीसांच्या दिवसांत एका तांबटाला तांब्यावर अक्षरे कोरून छपाई शिकवली गेली. नानांनंतर ते काम मिरजेला गेले, आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. सगळी नागरी अक्षरे उलटी कोरलेली. ज्या हातांनी हंडे-कळशा घडवल्या त्यांनीच हे केले.

उदगीरहून सीमा ओलांडली की बीदर जिल्हा. हुमनाबादजवळ जलसंगवी गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतीवर एक बाई दगडावर लेख कोरताना कोरलेली आहे. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य, राज्यकाळ १०७६ ते ११२६, याची स्तुती ती लिहीत आहे आणि तिच्या हाताखालच्या ओळी खरोखर वाचता येतात. अंग किंचित वळलेले, पाठ आपल्याकडे, लक्ष सगळे बोटांत. राजाची कीर्ती लिहिणारी सुंदरी हे रूपकच आहे, प्लांटिनच्या मुखपृष्ठाच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधीचे. तिचे बोट आणि तिने कोरलेले अक्षर एकाच छिन्नीने निघाले आहे. लातूर-उदगीरकडे येणाऱ्याने एक दिवस वाढवून ती पाहावी. मला या सगळ्या प्रवासात तीच सर्वांत जास्त आवडली.

औसा लातूरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर. किल्ला भुईकोट, तट दुहेरी, खंदक रुंद. गावातली जामा मशीद औरंगजेबाच्या काळात किल्लेदार सोहराब खानाने बांधली. औसा तालुक्यातच खरोसा लेणी आहेत, जांभ्या दगडातली. कंधारच्या काळ्या पाषाणानंतर तिथला सच्छिद्र दगड पाहिला की कळते, बारीक नक्षी इथे टिकणारच नव्हती. म्हणून खरोसाच्या कोरक्याने मोठ्या आकृती आणि मोठे घाव निवडले. दगड सांगतो तेवढेच कोरायचे, हे शहाणपण इथे प्रत्येक ठिकाणी दिसते.

लातूरला पापविनाशक मंदिरात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. लातूरमध्ये तेव्हा पाचशे विद्वान राहत होते असे त्यात म्हटले आहे. आज इथे परीक्षांच्या तयारीसाठी येणारी मुले खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यातल्या दोघांना मी मंदिराबाहेर भेटलो, शिलालेखाकडे बोट दाखवले, आणि ती दोघे मोबाईलचा टॉर्च लावून पाहायला लागली. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसेना. "बाजूने धर रे, दगडाला लावून," मी म्हटले. तसे केल्याबरोबर अक्षरे उमटली आणि एक जण पहिली ओळ अडखळत वाचू लागला.

लातूरच्या बाजारात अडकित्ते मिळतात, त्यासाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. जुन्या पितळी अडकित्त्यांच्या पात्यांवर, मुठींवर बारीक कोरीव रेघा असतात. घेताना रेघ कोरलेली आहे की साच्यातून आलेली, हे नखाने पाहावे. कोरलेल्या रेघेची कड नखाला लागते.

या वाटेने जायचे तर दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर आणि ऊन तिरपे असताना जावे. नांदेडहून कंधार पन्नासेक किलोमीटर, लोह्यावरून. मुक्काम उदगीरला करावा, तिथून जलसंगवी आणि दुसऱ्या दिवशी लातूर, औसा, खरोसा. शिळेवर खडू, तेल, हळद, चुना काही लावू नये. अक्षर ठळक करायला म्हणून कोणी भरलेला तैलरंग कंधारला आणि उदगीरला दोन्हीकडे दिसला, आणि ज्या खाचेत रंग वाळून बसला आहे तिथे आता ठशाचा कागद कधीच शिरणार नाही.